एबीसीत क्रेडिट दिसतायत पण विषय ट्रान्सफर होत नाहीत, कोर्सचा डेटा ठेवायचा तरी कसा?

स्टाफरूम_कोपरा:
नमस्कार मंडळी. मी एका ऑटोनॉमस कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवते आणि यंदा एनईपी सेल (नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण राबवायचं काम) माझ्या गळ्यात पडलाय. प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

सेकंड इयर बीएस्सीला एक मुलगी दुसऱ्या विद्यापीठातून आलीये, वडिलांची बदली झाली म्हणून. तिच्या डिजिलॉकरमध्ये एबीसीचे, म्हणजे अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यातले, ४४ क्रेडिट व्यवस्थित दिसतायत, आमचंही फर्स्ट इयर ४४ चंच आहे कारण आपल्या राज्यात सेमला २२ धरलेत. प्रिन्सिपल म्हणाले ४४ ला ४४ जुळतायत, मग अडलंय कुठे. अडलंय ते असं: तिच्या मार्कशीटवर "स्टॅटिस्टिक्स पेपर १" आणि "पेपर २" एवढंच, प्रत्येकी २ क्रेडिट, प्रॅक्टिकल त्यातच धरलंय की झालंच नाही ते कळायला मार्ग नाही. आमच्याकडे "डिस्क्रिप्टिव्ह स्टॅटिस्टिक्स" ३ क्रेडिट थिअरी आणि १ क्रेडिट प्रॅक्टिकल, कोड वेगळे, पासिंग वेगळं. तिने आयकेएस (भारतीय ज्ञान प्रणाली) केलंय पण भलत्याच सेमला. व्हीएससीत (व्यावसायिक कौशल्याचा कोर्स) जो विषय घेतलाय तो आमच्याकडे चक्क मेजरमध्ये, म्हणजे मुख्य विषयात, येतो. आणि कळस म्हणजे त्यांच्या वेबसाइटवर कोड टाकून सिलॅबस शोधला तर दोन सापडले, एक जुन्या पॅटर्नचा एक नव्या, कोड मात्र तोच!

शेवटी ओळखी काढून तिकडच्या एका सरांकडून व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ मागवली, ती पण स्कॅन केलेली, वाकडी. एका मुलीसाठी हे चालून जाईल, पण आता मल्टिपल एंट्री-एक्झिट आलंय, वर्षभर शिकून सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडलेली मुलं उद्या कुठूनही येऊन दारात उभी राहतील, तेव्हा दरवेळी अशीच फोनाफोनी करायची का?

तर विचारायचंय हे की सगळ्या संस्थांनी कोर्सची माहिती एकाच साच्यात ठेवायची, म्हणजे कॉमन डेटा मॉडेल म्हणतात ते, हे कुठे खरोखर चालू आहे का? असेल तर त्यात काय काय भरतात? आणि आमच्यासारख्या कॉलेजने साध्या एक्सेलवर सुरुवात करायची तर कुठले कॉलम घ्यावेत? आयटीवाल्यांनी कृपया सोप्या भाषेत सांगा.

गॅझेट_आणि_गाळणी:
मॅडम, परीक्षा विभागात आयुष्य गेलंय, म्हणून आधी एबीसी काय आहे आणि काय नाही ते सांगतो, कारण ह्यावरून प्रिन्सिपल लोकांचा हमखास घोळ होतो.

एबीसीची नियमावली यूजीसीने जुलै २०२१ मध्ये काढली. मुलाला १२ अंकी आयडी, त्याच्या खात्यावर विद्यापीठ क्रेडिट जमा करतं, ते जास्तीत जास्त ७ वर्षं टिकतात, आणि डिग्री देणाऱ्या संस्थेतून निदान निम्मे क्रेडिट मिळवलेले लागतात. झालं. ही निव्वळ खातेवही आहे. रक्कम किती आणि कुणी भरली ते कळतं, ती कशाची होती हे जेमतेम कळतं.

आम्ही अपलोड करतो ती फाइल बघितली असती तर तुमचा अर्धा प्रश्न तिथेच सुटला असता. सीएसव्ही असते, एका विद्यार्थ्याची एका सेमची एक आडवी ओळ, त्यात आधी नाव, रजिस्ट्रेशन नंबर, एबीसी आयडी, आणि मग विषय एकचं नाव, विषय एकचा कोड, कमाल मार्क, मिळालेले मार्क, ग्रेड, क्रेडिट, की लगेच विषय दोनचं नाव, विषय दोनचा कोड... अशी उजवीकडे लांबच लांब जाते. विषयाचा कोड म्हणजे त्या त्या विद्यापीठाचा घरचा कोड, बाहेर त्याला काही अर्थ नाही. सिलॅबस, तास, प्रॅक्टिकल किती, लेव्हल काय, कुठल्या वर्षीचा पॅटर्न, ह्यातलं काही त्या ओळीतून तुमच्यापर्यंत येत नाही. मार्कशीट छापायच्या डोक्याने बनवलेला फॉरमॅट आहे तो, विषयांची तुलना करायला तो बनलेलाच नाही, त्यामुळे त्याला नावं ठेवण्यातही अर्थ नाही.

म्हणजे "आणले किती" ह्याचं उत्तर एबीसी देतं. "आमच्या कुठल्या पेपरच्या जागी चालेल" हे तुमच्या समकक्षता समितीनेच ठरवायचं, आणि त्या समितीला हातात काय मिळतं? वाकडी पीडीएफ.

उत्रेख्तचा_पाऊस:
मी नेदरलँड्समध्ये विद्यापीठांच्या स्टुडंट सिस्टीमवर काम करतो, इथे हेच चालतं म्हणून लिहितोय, लांब होईल.

इथे सर्फ नावाची सगळ्या उच्चशिक्षण संस्थांची मिळून एक सामायिक आयटी संस्था आहे, तिच्या पुढाकाराने ओपन एज्युकेशन एपीआय नावाचं स्पेसिफिकेशन, म्हणजे सिस्टीमनी एकमेकांना माहिती कशी द्यायची त्याचे ठरलेले नियम, तयार झालंय. सॉफ्टवेअर ज्याचं त्याचं वेगळं असलं तरी चालतं, बाहेर माहिती द्यायची ती ह्या एका आकारात द्यायची एवढीच अट. ह्याच्याच जोरावर आइंडहोवन, वाखेनिंगेन आणि उत्रेख्त इथली मुलं एकमेकांचे इलेक्टिव्ह घेतात, कॅटलॉग एकत्र दिसतो, नाव नोंदवता येतं आणि निकाल मुलाच्या मूळ विद्यापीठात परत जातो. कोर्स मुलाच्या डिग्रीत धरायचा की नाही हे मात्र इथेही त्याची परीक्षा समितीच ठरवते, कॉम्प्युटर नाही.

त्या मॉडेलमधली मला सगळ्यात कामाची वाटलेली गोष्ट म्हणजे आपण "विषय" ह्या एका नावाखाली जे सगळं कोंबतो त्याचे त्यांनी तीन भाग केलेत. एक, कोर्स म्हणजे कागदावरची व्याख्या, काय शिकवायचं, किती क्रेडिट, कुठली लेव्हल. दोन, ऑफरिंग म्हणजे तो कोर्स अमुक वर्षी अमुक सेमला प्रत्यक्ष चालवला तो. तीन, त्या ऑफरिंगशी एका विद्यार्थ्याचं नातं, त्याने नाव घातलं, परीक्षा दिली, हा निकाल आला. आणि कोर्सच्या पोटात पुन्हा कंपोनंट असतात, लेक्चर वेगळं, प्रॅक्टिकल वेगळं, परीक्षा वेगळी. मॅडम, तुमची एकूणएक अडचण हे तीन थर एकात कालवल्यामुळे आलेली आहे. जुना-नवा पॅटर्न आणि कोड एकच, ही पहिल्या थरातली अडचण, तिथे व्हर्जन हवं. आयकेएस भलत्याच सेमला, ही दुसऱ्या थरातली, आणि खरं तर ही अडचणच नाही, कोर्स कधी चालवला ह्याचा समकक्षतेशी काय संबंध? प्रॅक्टिकल झालं की नाही, हे कंपोनंट नोंदवलेच नाहीत म्हणून. व्हीएससी की मेजर हा तर कोर्सचा गुणधर्मच नव्हे, तुमच्या डिग्रीच्या रचनेत तो कुठल्या खणात बसतो त्याची ती गोष्ट आहे, तोच कोर्स एकीकडे मेजर आणि दुसरीकडे मायनर असू शकतो आणि त्यात काही बिघडत नाही.

दुसरं, नुसते क्रेडिट ठेवू नका, तास ठेवा. युरोपात ईसीटीएसचं, म्हणजे तिथल्या सामायिक क्रेडिट पद्धतीचं, एक वर्ष ६० क्रेडिटचं, एक क्रेडिट २५ ते ३० तासांचा, नेदरलँड्समध्ये २८ धरतात. भारतात नॅशनल क्रेडिट फ्रेमवर्कने, २०२३ चं ते, ३० तासांना १ क्रेडिट आणि वर्षाला १२०० तास म्हणजे ४० क्रेडिट धरलेत, तुमच्याकडे त्याचे ४४ झाले म्हणजे १३२० तास. आता कुणी ४ क्रेडिट सांगितले तर त्यात वर्गात किती, लॅबमध्ये किती आणि घरी किती हे माहीत असल्याशिवाय तुलना कशाची करणार? यूजीसीच्या हिशोबाने थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे १५ तास शिकवणं आणि प्रॅक्टिकलचा ३० तास, त्यामुळे फोड दिली की चित्र लगेच स्पष्ट होतं.

तिसरं, विषयाच्या नावावर विसंबू नका. युनेस्कोचे शिक्षणक्षेत्रांचे चार अंकी कोड आहेत, २०१३ चे, गणित ०५४१, स्टॅटिस्टिक्स ०५४२, अर्थशास्त्र ०३११. फुकट आहेत, आत्ता एक कॉलम टाका. "पेपर १" ह्या नावाने कुणालाच काही कळत नाही, ०५४२ म्हटलं की निदान योग्य डिपार्टमेंटच्या टेबलावर तरी जातं.

आणि ग्रेड बदलून लिहायच्या भानगडीत पडू नका. मूळ ग्रेड, मूळ स्केल, बस. दहा पॉइंटचं स्केल दोन्हीकडे असलं तरी त्यांचा "ए प्लस" आणि तुमचा "ए प्लस" सारख्याच मार्कांना मिळतो असं नाही. युरोपात म्हणूनच ग्रेडसोबत त्या डिग्री प्रोग्रॅममध्ये किंवा विषयक्षेत्रात किती टक्के मुलांना कुठली ग्रेड मिळते त्याचा तक्ता देतात, समोरच्याने बघून काय ते ठरवावं.

टॅम्पा_टपरी:
वरच्यांनी युरोप सांगितला, मी फ्लोरिडाचं सांगतो, इथे एकदम वेगळा रस्ता आहे आणि मला विचाराल तर जास्त रांगडा पण जास्त कामाचा.

इथे सगळ्या सरकारी कॉलेज-युनिव्हर्सिट्यांना राज्यभर एकच कोर्स नंबर. ईएनसी ११०१ म्हटलं की इंग्लिश कॉम्पोझिशनचा पहिला कोर्स, मग मायामीत करा नाहीतर गावातल्या दोन वर्षांच्या कॉलेजात. तीन अक्षरं विषयाची, पहिला आकडा लेव्हलचा, आणि अक्षरं व शेवटचे तीन आकडे जुळले की कोर्स समकक्ष, समोरच्या संस्थेला तो घ्यावाच लागतो, समितीबिमिती काही नाही. नंबर कुठल्या कोर्सला द्यायचा ते त्या त्या विषयाचे प्राध्यापक मिळून एकदाच ठरवतात.

मॅडमना आवडेल अशी गंमत शेवटच्या अक्षरात आहे. जनरल केमिस्ट्री सीएचएम २०४५ ही नुसती थिअरी, पुढे एल लावला की नुसती लॅब, सी लावला की थिअरी-लॅब एकत्र. एका अक्षरात तुमचं प्रॅक्टिकलचं कोडं मिटतं. कॅलिफोर्नियात असिस्ट नावाची सिस्टीम १९८५ पासून आहे, तिथे नंबर ज्याचे त्याचे वेगळे पण ह्या कॉलेजचा हा कोर्स त्या युनिव्हर्सिटीत अमुक म्हणून धरतात असे करार सगळ्यांना उघड बघता येतात. आता तिथेही कम्युनिटी कॉलेजांना एकच नंबर लावायचा कायदा २०२१ ला झालाय, म्हणजे इतक्या वर्षांचे करार हाताशी असूनही शेवटी एका नंबरवर यावंसं वाटलंच ना त्यांना.

खडूने_लिहिलेलं:
टॅम्पावाले दादा, तुमचं सगळं खरं, पण एक नंबर म्हटलं की आमच्याकडे एक सिलॅबस असाच अर्थ निघणार आणि वरून एकच पुस्तक येणार. मी बोर्ड ऑफ स्टडीजवर, म्हणजे सिलॅबस ठरवणाऱ्या मंडळावर, आहे. ऑटोनॉमी मिळवायला काय काय करावं लागलं ते आम्हाला माहीत, आणि आता सगळ्यांचा साचा एक करा म्हटलं की पोटात गोळा येतो. कोकणातल्या कॉलेजने जिऑलॉजीत जांभा दगड जास्त शिकवला आणि नाशिककडच्यांनी बेसॉल्ट, तर ते तसंच असायला हवं.

आणि डेटा मॉडेलवाल्यांना एक विचारतो, तुम्ही कोर्स आऊटकम नावाचा कॉलम टाकणार ना? तो भरतो कोण हे माहितीये का? अ‍ॅक्रेडिटेशनच्या आदल्या आठवड्यात एक ज्युनिअर मुलगा बसून "विद्यार्थ्यास संकल्पनांचे आकलन होईल" असं पन्नास विषयांना चिकटवतो. तो डेटा कितीही सुंदर साच्यात ओतला तरी त्यावरून काही ठरवता येणार नाही.

माझी पद्धत साधी आहे. मुलाने मागे काय केलं ते अक्षर न् अक्षर जुळवत बसायचं नाही, पुढच्या सेमच्या पेपरला काय लागतं ते बघायचं. मॅडमच्या सेम ३ ला समजा प्रोबॅबिलिटी डिस्ट्रिब्यूशन आहे, तर मुलीला मीन, व्हेरिअन्स, कोरिलेशन येतं का, परम्युटेशन-कॉम्बिनेशन झालंय का, एवढं बघा. येत असेल तर पेपर १ असो की पेपर २, घेऊन टाका. मेजरला कडक राहा, आयकेएस, ओपन इलेक्टिव्ह, को-करिक्युलर ह्यांना कसला समकक्षतेचा कीस पाडताय, क्रेडिट आहेत ना, धरा.

उत्रेख्तचा_पाऊस:
@खडूने_लिहिलेलं सर, साचा एक म्हणजे मजकूर एक नाही हो. जांभा शिकवा नाहीतर बेसॉल्ट, "काय शिकवलं" हे लिहायची जागा एक असावी एवढंच म्हणणं आहे. आऊटकमच्या कॉलमबद्दल मात्र १०० टक्के सहमत. त्याच्याऐवजी मी युनिटवार टॉपिक आणि प्रत्येकाला तास एवढं घेईन, ते सिलॅबसमध्ये असतंच आणि खोटं लिहायला त्रास पडतो. आणि तुमची "पुढच्याला काय लागतं" ही पद्धत म्हणजे प्रीरिक्विझिटचा कॉलम झाला, मॉडेलमध्ये तो मस्त बसतो. बहुतेक सिलॅबसमध्ये तिथे "बारावी सायन्स" असं लिहून मोकळे होतात, तेवढं सुधारलं तरी खूप.

दोन_केटी_बाकी:
मोठ्या लोकांच्यात बोलतोय पण विद्यार्थ्याच्या बाजूने एक. मी स्वयमवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर, १२ आठवड्यांचा कोर्स केला, ३ क्रेडिटचा, प्रॉक्टर्ड (देखरेखीखालची) परीक्षा देऊन. यूजीसीच्या २०२१ च्या नियमाने सेमच्या ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयमवरून घेता येतात असं सगळीकडे सांगतात. कॉलेज म्हणालं ओपन इलेक्टिव्हचा खण २ क्रेडिटचा आहे, २ धरू. मग माझा उरलेला १ क्रेडिट गेला कुठे? ऑफिसात विचारलं तर सॉफ्टवेअर घेत नाही म्हणे. आणि हे सगळं आम्हाला कोर्स केल्यावर कळतं. कोर्स घ्यायच्या आधी कुठे बघता आलं असतं तर २ क्रेडिटवाला ८ आठवड्यांचाच घेतला असता ना, चार आठवडे क्रिकेट तरी खेळलो असतो.

गॅझेट_आणि_गाळणी:
बाळा, तुझा १ क्रेडिट गेलेला नाही, खात्यात ३ च राहायला हवेत, कॉलेजने त्यातले २ तुझ्या डिग्रीला लावले असं हवं. मिळालेले क्रेडिट आणि लावलेले क्रेडिट असे दोन कॉलम पाहिजेत, जिथे एकच असतो तिथे मुलाचं नुकसान होतं आणि मग "सॉफ्टवेअर घेत नाही" हे ऐकून परत यावं लागतं. सॉफ्टवेअरला खण कुणी शिकवला तेवढाच तो ओळखणार. लेखी अर्ज दे, तोंडी विचारून उपयोग नाही.

स्टाफरूम_कोपरा:
बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचं वाचून मी एक्सेलमध्ये आमच्या एका कोर्सची ओळ मांडून बघितली, चूक असेल तर सांगा. कोर्स कोड, व्हर्जन (आम्ही मंजुरीचं वर्ष टाकतोय, २०२४), नाव, युनेस्को कोड ०५४२, नॅशनल क्रेडिट फ्रेमवर्कची लेव्हल ४.५ कारण फर्स्ट इयर, थिअरीचे क्रेडिट ३ आणि तास ४५, प्रॅक्टिकलचा क्रेडिट १ आणि तास ३०, थिअरी आणि प्रॅक्टिकलचं पासिंग वेगळं की एकत्र, आधी काय यायला हवं, युनिट आणि तास, आणि सिलॅबसची लिंक. मेजर-मायनर-व्हीएससी हे ह्या पानावरून काढून "रचना" नावाच्या दुसऱ्या पानावर नेलं, उत्रेख्तवाल्यांचं ऐकून. निकाल तिसऱ्या पानावर.

आता समितीचे निर्णय कुठे ठेवू? ते आत्ता मिनिट्सच्या रजिस्टरमध्ये आहेत, हाताने लिहिलेले, मागच्या वर्षी कुणाचं काय ठरलं ते शोधायचं म्हणजे पानं उलटत बसायचं.

टॅम्पा_टपरी:
चौथं पान करा, आणि माझ्या मते सगळ्यात मौल्यवान तेच ठरेल. तिकडचा कोर्स-व्हर्जन, तुमचा कोर्स-व्हर्जन, निर्णय पूर्ण / अंशतः / फक्त क्रेडिट, कुठल्या बैठकीत ठरलं, कधीपासून लागू. पुढच्या वर्षी त्याच विद्यापीठातून दुसरी मुलगी आली की बैठकच नको. एक लक्षात ठेवा, हे एकाच दिशेचं असतं. त्यांचा कोर्स तुम्हाला चालला म्हणून तुमचा त्यांना चालेलच असं नाही. आणि दोन मिळून एक असंही येईल, तुमच्याच केसमध्ये पेपर १ अधिक पेपर २ मिळून तुमचा एक होतोय, तेव्हा एकाला एक अशी जोडी धरून टेबल बनवू नका, नंतर फार रडायला लागतं. हे पान वेबसाइटवर उघडं ठेवलंत तर वरच्या केटीवाल्या मित्रासारख्या मुलांना आधीच बघता येईल.

खडूने_लिहिलेलं:
उघडं ठेवलं की लगेच "त्याला दिलं मग मला का नाही" सुरू होणार, तयारी ठेवा. पण हो, ठेवायलाच हवं.

स्टाफरूम_कोपरा:
ठेवते. शेवटचं एक, मंगळवारी बैठक आहे. पीडीएफ नीट वाचली, तिच्या दोन पेपरमध्ये थिअरी जवळजवळ सगळी झालीये, प्रॅक्टिकल मात्र अजिबात नाही. "अंशतः" ठरलं तर तिचे ४ चे ३ करायचे का? आणि आमच्या मार्कशीटवर काय छापायचं?

गॅझेट_आणि_गाळणी:
४ चे ३ करायचे नाहीत, दुसऱ्या विद्यापीठाने दिलेला क्रेडिट कापायचा तुम्हाला अधिकार नाही. मिळालेले ४, थिअरीला लावलेले ३, उरलेला १ तिच्या खात्यात पडून राहू दे, पुढे एखाद्या इलेक्टिव्हला लागतो का बघा. तुमचं १ क्रेडिटचं प्रॅक्टिकल तिला ह्या सेमला ज्युनिअर बॅचबरोबर करायला लावा, त्याचा निकाल तुमच्या कोडने तुमच्या नावावर. आणि मार्कशीटवर आणलेल्या विषयांपुढे त्यांचाच कोड, त्यांचंच व्हर्जन, त्यांचीच ग्रेड आणि मूळ विद्यापीठाचं नाव छापा, तुमचा कोड घालू नका. तुमच्या कोडने चढवून पुन्हा एबीसीला अपलोड केलंत तर तेच क्रेडिट तिच्या खात्यात दोनदा जमा होतील, आणि ते डिग्रीच्या वेळी निस्तरताना तुम्ही, मी आणि ती पोरगी, तिघंही खिडकीसमोर उभे असू.